माणूस नेणारा डबा

आमच्या दोन खोल्यांच्या घरात म्युझिक स्ट्रीमरला तिसरी खोली सापडली आणि माझी बायको राजमती तिथं राहायला गेली. यात मी काही वाढवून सांगत नाही. वाढवायचंच असतं तर पहिल्याच दमात सात-आठ खोल्या सांगितल्या असत्या. तेवढ्या पुढं सापडल्याच, पण ज्या क्रमानं सापडल्या त्या क्रमानं सांगतो.

घर सांगलीत, विश्रामबागेच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. बाहेरची खोली, स्वयंपाकघर आणि एक गॅलरी. गॅलरीत कपडे वाळत घातले की माणसाला उभं राहता यायचं नाही. मी भूपाल चौगुले. एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. म्हणजे खिडकीमागं बसून माइकवर सांगायचं, अमुक गाडी तमुक फलाटावर लागलेली आहे, प्रवाशांनी आपापल्या सामानाकडे लक्ष द्यावं. निवृत्त झाल्यावर माइक गेला, बोलणं राहिलं. ते राजमती ऐकायची. भाजी निवडता निवडता ऐकायची, पीठ चाळता चाळता ऐकायची आणि मधूनच म्हणायची, "मगाशी ती गाडी मिरजेची होती, आता तासगावची झाली." इतकं लक्ष देऊन माझं कुणी ऐकलेलं नाही. माइकवरचंसुद्धा नाही.

तिला मात्र गाणं ऐकायचं होतं. घरातला रेडिओ खरखर करून बंद पडला होता आणि टेपरेकॉर्डर फिती गिळायला लागला होता. मागण्या करणारी बाई नव्हे ती. एकदा जेवताना एवढंच म्हणाली, "कान आहेत तोवर जरा गाणं ऐकावं म्हणते."

मी पुण्याला जावयाला फोन लावला. सुदर्शनला या असल्या वस्तूंचा नाद आहे. तो म्हणाला, दादा, आता कॅसेट नाही, सीडी नाही, नुसता एक डबा घ्यायचा. डब्याला स्वतःचा आवाज नसतो. तो इंटरनेटवरून गाणं घेतो आणि तुमच्या जुन्या ॲम्प्लिफायरच्या हातात देतो. तुमचे मोठे स्पीकर अजून चांगले आहेत, फक्त लाल-पांढऱ्या वायरी जोडायच्या. वायफायवर गाणं अडखळतं, तेव्हा राऊटरपासून सरळ केबल ओढा. ॲप नीट चालतं का बघा, कारण डब्यापेक्षा त्याच्याशीच जास्त संबंध येतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एक गाणं संपून दुसरं लागताना मधे फट पडता कामा नये. चांगल्या डब्यात फट पडत नाही. एवढं सांगून झाल्यावर जरा थांबून म्हणाला, "आणि दुकानात फार बोलत बसू नका. त्याचं ऐकून घ्या."

दुकान पेठेत मागच्या बोळात होतं. मालक कोरे नावाचे गृहस्थ, कपाळावर भस्म, हातात जाड भिंगाचा चष्मा. फळीवर दोन डबे मांडलेले होते. दोन्ही काळे, दोन्ही विटेएवढे, दोन्हींना पुढं काडेपेटीएवढा पडदा.

"ह्यात फरक काय?" मी विचारलं.

"हा गाणं माणसाकडे आणतो," डाव्या डब्यावर बोट ठेवून कोरे म्हणाले. मग उजव्यावर ठेवलं. "हा माणसाला गाण्याकडे नेतो."

"आवाजात फरक?"

"नेणाऱ्याचा चांगला. गाण्याला प्रवास पडत नाही, त्यामुळं ते दमलेलं नसतं."

आता मी स्टँडवरचा माणूस. स्टँडवर दोन कामं असतात, पॅसेंजर आणि पार्सल. पार्सलचा कोपरा फुटतो, दोरी सुटते, कुणाचं कुणाला कळत नाही, गोदामात उंदीर त्यावर संसार मांडतात. पॅसेंजर स्वतःचं गाव स्वतः ओळखतो, नाही ओळखलं तर शेजारच्याला विचारतो आणि उतरतो. पार्सलच्या खिडकीवर बसायची पाळी आली की मी रजा टाकत असे. तेव्हा मला विचार करायचं कारणच पडलं नाही. गाण्याचं पार्सल घरी मागवण्यापेक्षा माणूस पाठवलेला बरा. म्हटलं, माणूस नेणारा द्या.

"ऐकणारं कोण? तुम्हीच का?"

"नाही, आमची मंडळी."

"मग ठीक," कोरे म्हणाले आणि खोक्याला चिकटपट्टी लावू लागले.

काय ठीक, ते मी विचारलं नाही. स्टँडवर खेड्यातली म्हातारीसुद्धा तिकीट काढायच्या आधी परतीची गाडी कधी आहे ते विचारते. मी तेही विचारलं नाही. बोळातून बाहेर पडेपर्यंत कोऱ्यांना मी माझ्या नोकरीतली एक हकीकत सांगत होतो.

राजमतीनं डब्याला हळदकुंकू लावलं, वर एक शेवंतीचं फूल ठेवलं. सुदर्शन फोनवरून सांगत गेला तशा मी वायरी जोडल्या. मोबाइलच्या पडद्यावर एक चकती फिरायला लागली आणि खाली अक्षरं आली, घरातल्या खोल्या शोधत आहे. मग यादी आली. बैठक. स्वयंपाकघर. खोली ३.

"शेजाऱ्यांची असेल," सुदर्शन म्हणाला. "वायफाय भिंतीतून जातं, दादा."

त्या बाजूला आम्हाला शेजारी नाहीत. तिथं भिंतीपलीकडे नारळाचा शेंडा आहे आणि पुढं सगळं मोकळं. तरी मी खोली ३ वर बोट टेकवलं. लोखंडी कपाटाच्या शेजारी दार होतं. आमच्या बाकीच्या दारांना आहे तोच पिस्ता रंग, आणि कडीजवळ हात लागून लागून तो काळपट झालेला.

आत खिडकी नव्हती. पांढऱ्या भिंती, एक वेताची खुर्ची, आणि गाणं आधीच सुरू झालेलं. कुणा बाईचा तोडी राग होता. अगदी सुरुवातीचा भाग, तबला अजून लागलेला नव्हता. राजमती खुर्चीत बसली आणि तिनं डोळे मिटले.

"श्वास ऐकू येतोय बघा हिचा," ती म्हणाली.

मला नुसतं आँ आँ ऐकू येत होतं. मी गॅलरीत जाऊन हात धुवावेत म्हणून गॅलरीचं दार उघडलं, तर पुढं भिंत होती. फ्लॅटचं क्षेत्रफळ ठरलेलं असतं, ते एकीकडे वाढलं की दुसरीकडे कमी होणारच, हे मलाही कळतं. माझा एक सदरा आणि तिची दोन लुगडी भिंतीपलीकडे राहिली.

"गॅलरी गेली," मी सांगितलं.

"कपडे गच्चीवर घालू," डोळे न उघडता ती म्हणाली. तो विषय तिथं मिटला.

राजमती मिरजेची. तिचे वडील तंबोऱ्याच्या भोपळ्यांचा व्यापार करायचे आणि गवयांच्या बैठकींना पोरीला बरोबर न्यायचे. तिथं तिला एक वळण लागलेलं होतं. गाणारा थांबल्याशिवाय उठायचं नाही. पाय अवघडो, तहान लागो, उठायचं नाही. एक गाणं संपून दुसरं सुरू होण्याच्या मधे जी शांतता असते तेवढ्यात काय ते उठायचं. आणि माझ्या डब्यात ती शांतता नव्हती. तोडी संपता संपता दुसरा तोडी सुरू होत होता, त्याच्या पोटातून तिसरा, प्रत्येक आधीच्यापेक्षा जुना. त्यासारखंच पुढचं आपोआप लावणं ही सोय आहे, असं सुदर्शन म्हणाला.

म्हणून ती उठली नाही. संध्याकाळी मी आमटी-भात घेऊन दारात उभा राहिलो. तिनं मानेनंच नको म्हटलं. गाणं चालू असताना भूक लागत नाही, म्हणाली. मी म्हटलं, थांब, तुला एक गंमत सांगतो, आणि आत पाऊल टाकलं. नाकाला भिंत लागली. माझ्यापुरती ती खोली कपाटाएवढी उथळ होती. तिच्यापुरती मात्र ती लांब होती, कारण खुर्ची आता पलीकडच्या टोकाला होती आणि मला ती माझ्या नाकापुढच्या भिंतीतून दिसत होती, धुकं पडल्यावर फलाटावरून दूरची गाडी दिसते तशी.

डब्याला चौथी खोली सापडली तेव्हा तीही दिसेनाशी झाली. आवाज येत राहिला, पण उशिरा. एकदा मी दारातून विचारलं, मीठ कुठं ठेवलंस. उत्तर नाही. मी अळणी आमटी जेवून हात धुतले तेव्हा आतून आलं, "निळ्या झाकणाच्या बरणीत." पुढं पुढं आमचं भांडणसुद्धा नीट होईना. मी सकाळी टोमणा मारायचो, तिचं उत्तर दिवेलागणीला यायचं. तोवर माझा राग गेलेला असायचा आणि तिचा ताजा असायचा. मग मी समजूत काढायचो, ती पोचेपर्यंत तिचा राग गेलेला असायचा आणि ती विचारायची, "आता हे कशाबद्दल?"

पाचवी खोली, सहावी खोली. इकडे स्वयंपाकघर असं आवळलं की ओट्यापुढं शेगडी मावली, मी मावलो नाही. बाहेर उभा राहून लांब दांड्याच्या पळीनं भाजी ढवळायचो. कपाटाची दारं अर्धीच उघडू लागली. कोचाचा एक हात भिंतीत गेला, मग सबंध कोच गेला. मी ज्याला बैठक म्हणत होतो ती आता स्टँडवरच्या बाकाएवढी होती, आणि त्या बाकाच्या एका टोकाला डबा आणि दुसऱ्या टोकाला मी.

मुलीचा, त्रिशलाचा, रोज फोन यायचा. आईला द्या म्हणायची. मी म्हणायचो, आई उशिरानं धावतेय.

"म्हणजे काय, दादा?"

"म्हणजे येणार आहे."

स्टँडवर मी कधी गाडी रद्द झाली असं माइकवर सांगितलं नाही. माणसं गाठोड्यावर बसलेली असतात, लेकरं मांडीवर झोपलेली असतात. उशिरानं धावतेय म्हटलं की ती चहा प्यायला जातात. रद्द म्हटलं की ती खिडकीकडे बघतात. त्रिशलानं नवऱ्याला पाठवून दिलं.

सुदर्शन आडवा होऊन घरात शिरला. शिकलेला मुलगा, घाबरला नाही. त्यानं मोबाइल घेतला, खोल्यांची यादी वरखाली केली आणि काही न विचारता गाणं थांबवायचं बटण दाबलं. नेमकी त्याच वेळी आतून राजमतीची हाक येत होती. "अहो, तेवढं," एवढं आलं आणि पुढचं आलंच नाही. बांगड्या वाजत होत्या त्या वाजायच्या थांबल्या. इतका वेळ मला तिचा श्वासही येत होता, हे तो बंद झाल्यावर कळलं.

"चालू कर," मी म्हटलं.

त्यानं बटण दाबलं. "दुधाचं बघा," आतून आलं.

सुदर्शननं मोबाइल परत माझ्या हातात दिला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "फॅक्टरी रीसेट करता येईल, दादा. जादाच्या खोल्या पुसल्या जातील."

"आणि खोल्यांतलं माणूस?"

"सेटिंग परत पहिल्यापासून करावं लागतं."

"राजमतीचं?"

तो उठला. जाताना वीज गेली तर अडचण नको म्हणून एक बॅटरी आणून जोडून दिली, माझ्या पाया पडला आणि आडवा होऊनच बाहेर गेला.

मी कोऱ्यांकडे गेलो. दुकानात फळीवर आता एकही डबा नव्हता. आणणारा डबा एका निवृत्त पोस्टमास्तरांनी नेला होता आणि त्यांचं उत्तम चाललं होतं. मी सगळी हकीकत सांगितली, गॅलरीपासून पळीपर्यंत, तपशीलवार सांगितली. कोरे चष्मा पुसत ऐकत होते.

"परत कशी आणायची तिला?" मी शेवटी विचारलं.

"ऐकणाऱ्यानं पुरे म्हणायचं. म्हटलं की घरात."

"ती म्हणणार नाही. गाणं चालू असताना उठायचं नाही, असं वळण आहे तिचं."

"चांगलं वळण आहे. हल्ली फार कुणाला नसतं." त्यांनी चष्मा खाली ठेवला. "मग कुणीतरी जाऊन सांगायला पाहिजे."

"मी जातो. मला कसं जाता येईल ते सांगा."

"साहेब, तुम्ही आल्यापासून मागं गाणं चालू आहे. कुठलं ते सांगा."

मी कान दिला. तेव्हा कुठं कळलं की दुकानात गाणं चालू आहे. पुरुष गातोय का बाई, तेसुद्धा मला सांगता येईना.

घरी येऊन मी आधी सोपा मार्ग धरला. दारात उभा राहून ओरडलो, राजमती, पुरे म्हण. आवाज मोठा आहे माझा, माइक बंद पडला तरी शेवटच्या फलाटापर्यंत जायचा. केसांना लावलेला कलप उतरून पांढरी मुळं दिसायला लागली तेव्हा उत्तर आलं. "थोडंच राहिलंय हो. आता लय वाढेल." ती लय वाढेपर्यंत डब्याला आणखी एक खोली सापडली. मी परत ओरडलो. त्या ओरडण्याचं उत्तर आलंच नाही. साध्या गाडीनं निमआराम गाडीच्या मागं धावावं तसा माझा आवाज तिच्या मागं कुठंतरी धावत असणार, आणि दोघांमधलं अंतर वाढतच असणार.

बाक रोज थोडा आखूड होत होता. उद्या ती पुरे म्हणाली आणि घरात आली, तर बसेल कुठं, हा प्रश्न मला पडायला लागला. मी भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसून बघितलं. माझ्याशेजारी जागा उरत होती, पण ती राजमतीएवढी नव्हती. तिच्या अंगावरच्या शालीएवढी होती. उशीर करून चालणार नव्हतं.

तेव्हा मी ऐकायला शिकायचं ठरवलं.

दार उघडून, नाक भिंतीला लावून उभा राहिलो. गाणं चालू होतं. मी तोंड मिटलं. तोंड मिटलं की आत माइक सुरू होतो. हे गाणं आता वर चाललंय, आता खाली आलंय, प्रवाशांनी नोंद घ्यावी. भिंत हलली नाही. फार प्रयत्नांनी एकदा आतला माइकही बंद झाला आणि भिंत वीतभर मागं सरकली. मला इतका आनंद झाला की मी वा म्हणालो. बैठकीत तसं म्हणतात, हे मला माहीत होतं. भिंत परत नाकावर आली आणि सदऱ्यावर रक्त सांडलं.

वा म्हणायचं नाही. हुंकार द्यायचा नाही. चांगलं आहे असंही मनात म्हणायचं नाही. जवळजवळ काहीच उरत नाही माणसात. मी तेवढा उरायचा सराव करत राहिलो, आणि एका दुपारी, खाली रस्त्यावर भांडीवाली ओरडत असताना, मला गाणाऱ्या बाईचा श्वास ऐकू आला. तान घ्यायच्या आधी ती नाकानं थोडी हवा आत ओढत होती, जड घागर उचलताना ओढतात तशी. त्या श्वासाच्याही पलीकडे आणखी एक आवाज होता. हाताचा तळवा मांडीवर पडत होता, लुगड्यावर, मऊ. राजमती ताल धरत होती. मी तेवढंच ऐकत राहिलो आणि चालायला लागलो. भिंत नव्हती.

पहिल्या खोलीत वेताची खुर्ची होती, मधोमध खोलगट झालेली. दुसऱ्या खोलीतही खुर्ची होती, तिच्या पाठीला तिच्या तेलाचा डाग. पुढच्या खोलीत खुर्चीच्या हातावर तिचा चष्मा. मी काही उचललं नाही, उचललं असतं तर त्याच्याशी बोललो असतो. खोल्या एकापुढं एक होत्या, दारं उघडी होती, आणि समोरून राजमतीचं बोलणं येत होतं.

ते घराकडे निघालेलं बोलणं होतं. ते घरी पोचण्याआधी मला वाटेत भेटत होतं. प्रत्येक वाक्य समोरून यायचं, छातीला लागायचं आणि मागं घराकडे जायचं, जिथं आता ते ऐकायला कुणी नव्हतं.

"गच्चीवरचे कपडे काढा, आभाळ आलंय," आधी आलं.

मग, "त्रिशलाला म्हणावं, मी बरी आहे."

मी ओठ दाबून चालत राहिलो. पुढच्या खोलीत तिचा आवाज जरा थकलेला होता. "तुमचा आवाज येत नाही हल्ली. रागावलाय का?" तिथं माझा पाय अडला. भिंत कुठूनतरी जवळ आल्याचं नाकाला कळलं. मी तळव्याच्या आवाजाकडे कान दिला आणि भिंत लांब गेली.

"काहीतरी बोला की," पुढचं वाक्य म्हणालं. "खोटं सांगितलंत तरी चालेल."

आणखी दोन खोल्या. त्यांत खुर्च्याच नव्हत्या, नुसत्या भिंती, आणि त्याही लांबत चाललेल्या. गाणं इतकं जुनं झालं होतं की त्याला खरखरही उरली नव्हती. तिथं मला ते वाक्य भेटलं. ते अगदी ताजं होतं, त्याला तिच्या तोंडातल्या लवंगेचा वास होता.

"मला उठायचंय हो. पण मधे फट पडत नाही."

मी जवळजवळ पळत सुटलो. पळताना धाप लागते, धाप ऐकण्याच्या आड येते, तीही मी गिळली. शेवटच्या खोलीचं दार ओलांडलं आणि ती दिसली. खाली जमिनीवर बसली होती, माझ्याकडे पाठ करून. अंबाडा सुटून केस पाठीवर आले होते, सगळे पांढरे. उजवा तळवा मांडीवर पडत होता. तिच्यापुढं कुणी गाणारं नव्हतं, फक्त गाणं होतं. मी एक पाऊल पुढं टाकलं की खोली एक पाऊल लांब व्हायची, म्हणून मी उभा राहिलो. हात पोचणार नव्हता. हाक पोचली असती. पण हाक मारली तर मी घरी, नाकावर भिंत, आणि ती इथं.

तेवढ्यात लय वाढली. ती थोडंच राहिलंय म्हणाली होती, ते खरं होतं. गाणं वर गेलं, तिथं फिरलं आणि एका लांब तानेवरून पायऱ्या उतरल्यासारखं खाली आलं. षड्जावर येऊन ते टेकलं. तंबोरा तेवढा वाजत राहिला, मग तोही मिटला.

शांत झालं.

राजमतीचा तळवा मांडीवर थांबला. तिनं मान थोडी वर केली, खरंच का, असं बघितल्यासारखी. मग डावा हात गुडघ्यावर ठेवला, उजवा जमिनीला टेकला आणि अंग पुढं झुकवून ती उठू लागली. पुरे म्हणायला तिनं श्वास घेतला, तो मला ऐकू आला.

आता गाणंच नव्हतं. ऐकायचं काही उरलं नव्हतं. मी तिला हाक मारली.

राजमती, असं मी म्हटलं. माझ्या तोंडातून बाईचा आवाज आला. आ लावलेला, बारीक, खूप जुना, खालच्या षड्जावरून हळूच वर सरकणारा. मी तोंड मिटायला गेलो तर स्वर लांबला. पुढचा तोडी सुरू झाला होता.

राजमतीनं गुडघ्यावरचा हात काढला. पदर सावरला आणि ती परत नीट मांडी घालून बसली.